दोन हाका झाल्या

ये, अशी जवळ ये. दारात एक पाय आत नि एक पाय बाहेर ठेवून उभी राहू नकोस, बस इथे. आणि माझं बोलून होईपर्यंत तुझं ते "जांवदे गो" काढू नकोस. जांवदे, जांवदे करत अर्धं आयुष्य तू जाऊ दिलंस, शहाणे. रागावलेय मी तुझ्यावर, कळतंय ना? मग पदराचं टोक मुरगाळत बसू नकोस, इकडे बघ.

खरं म्हणजे तू समोर नाहीसच. तू तिकडे बोरिवलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये, आणि मी इकडे मुलुंडला, पोळपाट बाजूला सारून ओट्यावर कागद पसरलेत. पण मला समोर माणूस बसवल्याशिवाय लिहिता येत नाही. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काय शिकले ते पोळ्या गुंडाळायची वर्तमानपत्रं वाचून आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारून. त्यामुळे लिहिते तेही बोलल्यासारखंच. तेव्हा तू बस समोर. हे जे वाचणारे आहेत त्यांना आपली ओळख करून देते, तेवढा वेळ गप्प राहा. गप्प राहायची तुला चांगली सवय आहे.

तर ही माझी मैत्रीण. मुलुंडला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, दोन्ही घरची पोरं कुठल्या घरात जेवली याचा पत्ता नसायचा. ही कोकणातली, सावंतवाडीकडची, घाटाच्या अगदी पायथ्याचं गाव. मी साताऱ्याकडची. ती मला "घाटीण" म्हणणार, मी तिला "बांगडे" म्हणणार, हा आमचा रोजचा रामराम. ती ब्लाउज शिवायची, मी पोळी-भाजी केंद्र चालवायचे. दोघींचे नवरे भांडुपच्या एका कारखान्यात, आणि त्या कारखान्यात डोंगर चढणाऱ्यांचं एक मंडळ होतं. एकदा मंडळाला वर तळावर सगळ्यांचं जेवण रांधायला बाया हव्या होत्या म्हणून आम्हाला नेलं. पहिल्या दिवशी रांधलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ही चुलीपुढून उठली. "चल गो. हे रोज वर जावन काय बघतत, ता आपण पण बघूया." साडीचे काचे मारले आणि गेलो. आम्ही माथ्यावरून परत येत होतो तेव्हा मंडळातले दोन बाप्ये अजून धापा टाकत चढत होते. पुढच्या वेळेला स्वयंपाकाला त्यांनी दुसरी माणसं बघितली.

तेव्हापासून आम्ही डोंगरातल्या झालो. दोर धरून कातळ उतरायला शिकलो, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, बूड न टेकता चालायला शिकलो. आणि मंडळाचा एक नियम शिकलो, त्या नियमावरच आज सगळं अडलंय, म्हणून तो नीट सांगते.

रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही. कूऽऽ घालायची. कूऽऽ ऐकू आली की ज्याने त्याने उलटी कूऽऽ घालायची, बस्स. कारण काय, तर मंडळात निम्मे कोकणातले. त्यांच्या आज्यांनी लहानपणीच त्यांच्या डोक्यात भरवलेलं, की रानात आपलं नाव घेऊन हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी मारतो तो माणूस. "तीन हाको मारल्याशिवाय ओ देवची नाय," ही मला पहिल्याच वर्षी बजावून मोकळी. मी हसले होते. आमच्या घरी बुद्धवंदना. माझ्या वडिलांनी देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली होती आणि त्यांना परत घरात घ्यायचा माझा काही विचार नाही. पण नियम मला पटला. भूत असो नसो, ओ न देणारी माणसं तर खरी होती ना? त्यांच्या जिवासाठी नियम.

म्हणूनच या लिखाणातही मी कुणाचं नाव घालत नाही. त्या धारेचंही नाही. मुरबाडच्या पुढे आहे एवढं पुरे. नाव छापलं की पुढच्या रविवारी बसेस भरून लोक येतील, दगडांवर रंगाचे बाण काढतील आणि वेफर्सच्या पिशव्या टाकून जातील. मग मला आणखी एक लेख लिहावा लागेल, तो याहून वाईट भाषेत.

धार म्हणजे काय ते डोंगरात न गेलेल्यांना सांगते. कौलारू घराच्या छपराचं आढं असतं ना, तसं डोंगराचं आढं. त्यावरून चालायचं. फरक एवढाच, की आढं सरळ असतं आणि धार करवतीसारखी, वर खाली, वर खाली. या धारेवर वाट म्हणून नाहीच. गुरं जिथवर चरतात तिथवर ढोरवाट, पुढे गवत, कारवी आणि कातळ. उजव्या हाताला सगळं कोकण खाली पडलेलं, डाव्या हाताला देश. दोन्हीकडे बघायला सुंदर आणि दोन्हीकडे पडलं तर हाड सापडणार नाही. ही म्हणायची, "बरा हा गो. घसरलो तर आपापल्या म्हायेराक."

ही धार तिने आणि तिच्या नवऱ्याने किती वर्षं खालच्या गावातून बघितली होती. मंडळ दरवर्षी म्हणायचं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मग कारखाना बंद पडला, मंडळ पांगलं, आणि तिचा नवराही गेला. धार राहिली ती राहिलीच. ही तोंडाने कधी बोलली नाही. पण मुरबाडच्या रस्त्याला लागलो की जीपची खिडकी तिलाच पाहिजे, हे मला कळत नव्हतं का?

मग एक नवीन ग्रुप मिळाला. चालवणारा अंधेरीच्या ऑफिसातला मुलगा. मुलगा म्हणते, चाळिशीचा बाप्या आहे. दोर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी या रागातही कबूल करते. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "आपल्यात काका-काकू, मावशी, आजी काही नाही हां. सगळे नावाने. आमच्या ऑफिसात साहेबालाही आम्ही नावानेच बोलवतो." मला ते आवडलं होतं. उगाच खोटं का बोलू? साठीनंतर बाईला जो तो आजी करून टाकतो. आणि बुटांच्या दुकानात तर विचारूच नका. घाटकोपरला आम्ही दोघी बूट घ्यायला गेलो तर तो पोऱ्या म्हणतो, "आजी, गार्डनमध्ये फिरायचेच ना?" म्हटलं, नाही रे बाळा, कड्यावर फिरायचे. हसला. बायकांच्या मापाचे डोंगरात चालणारे बूट नव्हतेच त्याच्याकडे. "मुलांच्या सेक्शनमध्ये बघा." सगळ्या घराचा भार बायकांच्या पायांवर आणि बूट मात्र मुलांच्या सेक्शनमध्ये! मी चढ्या भावाने दुसरीकडून घेतले. ही म्हणाली, "जांवदे गो, माझे माळ्यावर असत." माळ्यावरचे. किती पावसाळे खाल्लेले. तिथूनच वाकडं सुरू झालं.

ग्रुपने धार ठरवली ती नेमकी गणपतीनंतरच्या पंधरवड्यात. हिची कुरकुर सुरू. "पितृपक्ष चालू हा गो." मी म्हटलं, "मग बरंच की. तुझ्या पितरांनाही वरून जरा हवा लागेल." खूप हसली. आली.

सकाळ काय होती! सोनकीने सगळा उतार पिवळा. गवत कमरेएवढं नि दवाने निसरडं, पाय टाकायच्या आधी काठीने चाचपायचं, मग पाय. ही माझ्यापुढे चालत होती. मध्येच खिंड लागली. तिथे एका जोडप्याने हात टेकले, त्याच्या गुडघ्याने दगा दिला. ते दोघं आले तसे खाली गेले. बाकीचे पुढे निघालो. तिथून पुढे धार एवढी अरुंद, की दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत. मधोमध एक कातळाचा टप्पा, आठ-दहा हातांचा, तिथे त्या अंधेरीच्या मुलाने दोर लावला. मला म्हणाला, तुम्ही आधी उतरा आणि खाली थांबून बाकीच्यांचे पाय कुठे ठेवायचे ते सांगा. म्हणून मी पुढे आले आणि ही मागे राहिली. एवढंच. एवढ्यात कोकणातून धुकं वर आलं. येतं म्हणजे कसं, भिंत सरकत यावी तसं. समोरच्या माणसाचा हात दिसतो, माणूस दिसत नाही.

एकेक जण उतरला. सगळ्यात शेवटी तो स्वतः. मी विचारलं, "ती कुठेय?"

"पुढे नाही आली?"

"मी इथे उभी आहे, माझ्यावरून उडून येणार होती का?"

त्याने वर तोंड करून हाक मारली. हिचं नाव घेऊन. भरदार आवाज त्याचा, कड्याकड्यांवरून फिरून आला. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. वारा तेवढा गवतातून गेला.

तो म्हणाला, "खिंडीतून त्या दोघांबरोबर गेल्या असतील खाली."

"मला न सांगता? ती चहाचा कपसुद्धा मला विचारल्याशिवाय खाली ठेवत नाही. तिसरी हाक मार."

"दोनदा मारली ना? सगळ्यांनी ऐकली."

"तिसरी मार म्हणते ना."

तर हा हसला. "हे काय, लिलाव आहे का? एक वार, दोन वार, तीन वार?" आणि बाकीचेही हसले. सगळे शिकलेसवरलेले, पाठीवर महागाच्या सॅका. हसले. त्या हसण्याचा राग माझ्या अजून घशात आहे, गिळता येत नाही नि थुंकता येत नाही.

मी तिथेच नियम सांगायला लागले, कोकण, आज्या, तीन हाका. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "प्लीज, आता भुतांच्या गोष्टी नकोत. हे धुकं थांबणार नाही, मला एवढ्या माणसांना नाळेतून खाली काढायचंय." नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उतरायची घळ. त्याचं म्हणणं चूक होतं असं नाही. धुक्यात माणसं ताटकळत ठेवू नयेत, हे मलाही कळतं. पण अरे, एक हाक मारायला काय लागत होतं? एक श्वास! आणि कूऽऽ घालायचं रागाच्या भरात मलाही सुचलं नाही.

मी म्हटलं, "मी मागे जाते."

"मग तुमची जबाबदारी तुमची."

"ती कधी दुसऱ्याची होती रे?"

दोर ठेवला त्याने, आणि नाळेच्या तोंडाशी थांबतो म्हणाला. मी परत टप्पा चढले. वर आले आणि आधी उभी राहिले. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं. देश नाही, कोकण नाही. कूऽऽ घातली.

आणि लगेच उलटी कूऽऽ! लांबून नव्हे, लोकहो, अगदी जवळून, मागच्या उंचवट्याच्या पलीकडून. गेले तर ही बया कारवीला पाठ टेकून बसलेली, डावा बूट मांडीवर. तळ सुटून जिभेसारखा बाहेर आला होता. ओढणीची पट्टी फाडून तो बांधत होती, टाके घातल्यासारखी, नीट, एकेक वेढा मोजून मापून.

"इलंस?" म्हणाली. "माका म्हायती होता तू येतलंस."

मी तिच्यावर अशी ओरडले की खालच्या गावातली कुत्री भुंकली असतील. "हाक ऐकू आली नाही तुला?"

"इली गो. दोनदा."

"मग?"

"तिसरी खंय मारल्यान?"

मला हसूही येईना नि रडूही येईना. म्हटलं, "अगं भवाने, तो माणूस होता! अंधेरीचा! पॅकेज घेणारा माणूस!"

तेव्हा ती जे बोलली ते मी इथे लिहू का नको, असा विचार दोन दिवस केला. लिहितेच. राग यायचा तो येऊ दे तुला. तू म्हणालीस, "आता माझा नाव कोण घेता गो? सून आई म्हणता, नातू आजी म्हणता, तू तर नुसता अगं अगं. नाव घेणारो एकच होतो, तो गेलो. आणि धुक्यातसून बाप्याचो आवाज. माझा नाव. पितृपक्षात. ओ देतलंय कशी?" आणि बुटाची गाठ मारता मारता हळूच म्हणालीस, "तिसऱ्येची वाट बघत बसलंय होतंय."

तुझी ती धार होती ना. त्याच्याबरोबर चालायची राहिलेली. माझ्या घरात भुतांना जागा नाही, पण त्या वेळी मी तुला ते ऐकवलं नाही. मीही बसले तुझ्या शेजारी, धुकं जरा पातळ होईपर्यंत. इथवर माझा तुझ्यावर काडीचा राग नाही, हे नीट वाच. दोनदा वाच. राग पुढचा आहे.

टप्पा उतरलो, दोर सोडवून घेतला, धार संपवली. सगळी, शेवटच्या दातापर्यंत. नाळेच्या तोंडाशी कुणीही थांबलेलं नव्हतं. एका दगडाखाली बिस्किटाचा पुडा ठेवला होता, आमच्यासाठी! जसा कावळ्यासाठी ठेवतात. पितृपक्षच होता म्हणा. नाळ आम्ही दोघीच उतरलो, सुटे दगड आधी पायाने ढकलून बघत, एक थांबली की दुसरी चालायची, मंडळात शिकवलं होतं तशी. खाली गावात पोचलो तर सगळे पडवीत मांडी घालून पिठलं-भाकरी संपवून ताक पीत बसलेले. तो पटकन उठला, त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलं. तो काही तरी म्हणणार होता. कदाचित सॉरीच म्हणणार होता.

आणि त्याच्या आधी तू हात जोडलेस.

"माफ करा हां. माझ्यामुळे तुमका सगळ्यांका उशीर झालो."

उशीर! जेवून ढेकर दिलेल्या माणसांची तू उशिराबद्दल माफी मागितलीस! त्याच्या तोंडातलं सॉरी तिथेच विरघळलं. "इट्स ओके, होतं असं," म्हणाला. मोठ्या मनाने त्याने तुला माफ केलं. बघ म्हणजे. सोडून गेला तो, आणि माफी मिळाली तुला.

तेव्हा मी पडवीत सगळ्यांसमोर बोलले, की डोंगराच्या कण्यावरून चालून आलीस आणि स्वतःचा कणा वरच ठेवून आलीस का? बोलले ते बोलले. मागे घेणार नाही. जीपमध्ये तू खिडकीपाशी बसली नाहीस, मधल्या सीटवर बसलीस. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद.

आठवड्याने ग्रुपवर त्याचा मेसेज आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने यापुढे साठीच्या वरच्या सभासदांनी फक्त सोप्या वाटांवर यावं. सुरक्षिततेच्या दृष्टीने! धुक्यात माणूस मागे राहिला तर किती हाका मारायच्या, ते काही त्यात नव्हतं. मी रागाने एवढा मोठा मजकूर लिहायला घेतला, चष्म्याच्या काचेवर घाम. आणि तेवढ्यात खाली तुझा अंगठा आला. पिवळा, वर केलेला अंगठा, पुढे जोडलेले हात. आमच्या वडिलांनी उपाशी राहून आम्हाला अक्षरं शिकवली ती अंगठा उठवायला लागू नये म्हणून, आणि तू शिकलेली बाई, हातात मोबाइल असून अंगठा उठवलास. तोही कशाखाली? तुझ्या स्वतःच्या पायांना बेडी घालणाऱ्या मेसेजखाली! मी माझा मजकूर पुसला. ज्याच्यासाठी भांडायचं त्यानेच सही केल्यावर वकिलाने काय करायचं?

मग तुझा मुलगा आला आणि तुला बोरिवलीला घेऊन गेला. मला जिन्यात म्हणाला, "मावशी, आता आईला डोंगर बंद हां. तुम्हीपण जरा वयाचा विचार करा." चांगला मुलगा आहे, माझ्या पोळ्यांवर वाढलाय, म्हणून कान धरला नाही.

मी फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. ती पहिली हाक.

दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन मीच आले बोरिवलीला. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा. तुझ्या-माझ्यामध्ये हा नॅशनल पार्कचा डोंगर आडवा, आता म्हणे त्याच्या पोटातून रस्ते काढणार आहेत. काढू देत. मी सगळा वळसा घालून आले, लिफ्टने वर आले, आणि बेल वाजवायच्या आधी मला दारातूनच ऐकू आलं. तुझं मशीन. खर्रर्र, खर्रर्र. किती वर्षं समोरच्या दारातून ऐकलेला आवाज, मी चुकेन का? बेल वाजवली. मशीन थांबलं. सुनेने अर्धं दार उघडलं. "आई झोपल्यात."

झोपेत शिलाई मारतेस होय गं? भलतीच कारागीर झालीस.

त्या पोरीचा तरी काय दोष, तिला जे सांगितलं ते तिने सांगितलं. मी तिच्या खांद्यावरून आत तुझ्या नावाने हाक मारली. नावाने! किती वर्षांनी मी तुझं नाव तोंडातून काढलं. मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. आतून काही नाही. मशीनही नाही. ती दुसरी हाक. डबा ठेवला आणि आले. परतीच्या बसमध्ये माझा संताप संताप झाला होता. कंडक्टर म्हणाला, आजी, सुट्टे द्या, त्याच्यावरही ओरडले.

घरी आल्यावर हात धुताना लक्षात आलं. दोन्ही वेळा नावाने. फोन लावला तोही तुझ्या नावावर बोट टेकवूनच. दोन हाका झाल्या आणि मी डबा ठेवून निघून आले. तोही तेच करून गेला होता, दगडाखाली बिस्किटं ठेवून.

तर ही घे. ही तिसरी. भूत तिसरी मारत नाही, हा नियम तुझाच. म्हणजे ही मीच आहे, जिवंत, घाटीण, मुलुंडची, रागाने लाल झालेली. आता ओ न द्यायला तुला कुठलं कारण उरलेलं नाही.

तुझे बूट माझ्याकडे आहेत. जीपमध्येच टाकून गेली होतीस ते. स्टेशनजवळच्या चांभाराकडून नवे तळ घालून आणलेत, चिकटवून वर शिवलेत. टाके तुझ्याइतके बारीक नाहीत, नाक मुरडशील, मुरड. गवत आता वाळून पिवळं झालंय, धुकं गेलंय, डोंगर कसा तासल्यासारखा दिसतो या दिवसांत. ग्रुप गेला खड्ड्यात. मंडळातले दोघं-तिघं अजून टुणटुणीत आहेत, मी बोलून ठेवलंय. धारेवर यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तरी बूट घेऊन जा. पण तुला यायचं नसेल तर ते तोंडाने सांग, अंगठ्याने नको.

या रविवारी ये. भाकऱ्या मी करते, सुकट तू आण, तुझ्यासारखी मला जमत नाही हे तुला मुद्दाम माझ्याकडून ऐकायचं असतं ना, तर ऐक. गेटवरचा वॉचमन नवीन आहे, तो अडवून नाव विचारेल. त्याला नाव सांगू नकोस. तिथेच उभी राहा, मान वर कर आणि एक कूऽऽ घाल.

मी गॅलरीतच असेन. ये लवकर.